सेंट अँड्र्यूज: ओल्ड कोर्सवरचा एक राउंड (आणि समुद्रकाठच्या गोल्फबद्दल बरंच काही)

सांजवारा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर या उन्हाळ्यात खेळायला मिळालं, त्याबद्दल लिहिते आहे. इथे वाचणाऱ्यांत गोल्फ खेळणारे थोडेच असतील, पण न खेळणाऱ्यांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं. त्या मैदानाची गोष्ट खेळापुरती नाही.

माझा गोल्फ छावण्यांमधला. नवरा फौजेत, त्यामुळे देवळाली, नगर, पुणे अशा बदल्यांबरोबर मैदानंही बदलत गेली. आपल्याकडे चेंडू हवेतून न्यायचा असतो. झाडांवरून, पाण्यावरून उंच मारायचा आणि पाणी घालून मऊ ठेवलेल्या ग्रीनवर, म्हणजे खळीभोवतीच्या गवतावर, उतरवायचा. पडला की तो तिथेच थांबतो. समुद्रकाठच्या वाळूच्या मैदानांवर, म्हणजे लिंक्सवर, हे गणित उलटं होतं. जमीन टणक, गवत आखूड आणि वारा सतत. उंच मारलेला चेंडू वारा घेऊन जातो, आणि पडल्यावर तो थांबत नाही, धावतो. म्हणून ग्रीनच्या तीस-चाळीस यार्ड आधी टाकायचा आणि जमिनीच्या उतारावर सोडून द्यायचा. कुठे टाकायचा हे कळायला जमीन वाचता यावी लागते.

ही जमीन कोणी मुद्दाम बनवलेली नाही. हिमयुगानंतर समुद्र मागे सरकला आणि किनारा व शेती यांच्यामध्ये वाळूची एक लांब, उंचसखल पट्टी उरली. तिथे पीक येत नाही. मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, आणि वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथे बसायच्या तिथले खड्डे पुढे बंकर, म्हणजे मैदानातले वाळूचे खड्डे, झाले असं सांगतात. गावातले लोक याच पडीक जागेवर काठीने चेंडू मारत खेळायचे. इतके खेळायचे, की १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घातली, कारण धनुर्विद्येचा सराव मागे पडत होता. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने या जागेवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क लेखी मान्य केला. तो हक्क आजही जिवंत आहे.

खेळायला मिळण्यासाठी सोडत असते. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी नावं द्यायची, किमान दोघं लागतात, हँडिकॅपचा (खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) पुरावा लागतो. आमचं दोघांचं नाव लागलं आणि गावातल्याच दोन निवृत्त गृहस्थांबरोबर आम्हाला जोडलं. हा माझ्या मते आमचा सगळ्यात मोठा लाभ, कारण ती दोघं लहानपणापासून तिथे खेळत आलेली.

पहिल्या टीच्या (जिथून होलचा पहिला फटका मारतात ती जागा) मागे रॉयल अँड एन्शंट क्लबची दगडी इमारत आहे. बहुतेकांना वाटतं की मैदान त्या क्लबचं. तसं नाही. मैदान सार्वजनिक आहे, १९७४ पासून संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला लिंक्स ट्रस्ट ते सांभाळतो, आणि हा क्लब तिथे खेळणाऱ्या अनेक क्लबांपैकी एक आहे. १७५४ मध्ये २२ जणांनी तो सुरू केला आणि स्त्रियांना सभासदत्व द्यायचं २०१४ मध्ये ठरवलं. मैदानावर मात्र बायका त्याच्या कितीतरी आधीपासून खेळत आहेत. त्या इमारतीकडे पाठ करून पहिला फटका मारताना हे माझ्या डोक्यात होतं.

पहिला आणि अठरावा होल (होल म्हणजे टीपासून खळीपर्यंतचा एक टप्पा) यांचा फेअरवे, म्हणजे मधली कापलेल्या गवताची पट्टी, एकच आहे, शंभर यार्डांहून रुंद. त्यातून चक्क गावाचा रस्ता जातो. लोक कुत्री घेऊन, मुलांना घेऊन समुद्राकडे निघालेले असतात. स्टार्टर थांबवतो, माणसं पलीकडे जातात, मग आपण मारायचं. समोर पहिल्या ग्रीनला अगदी चिकटून स्विल्कन नावाचा ओढा वाहतो. दुसरा फटका त्याच्या पलीकडे न्यायचाच. इथे जमिनीवरून नेण्याची सोय नाही.

दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत मैदान गावापासून दूर, ईडन नदीच्या खाडीकडे जातं. उजवीकडे गॉर्सची काटेरी पिवळी झुडपं, डावीकडे परतीचे फेअरवे. वारा नैर्ऋत्येचा होता, म्हणजे जाताना डाव्या कानावर. आमच्याबरोबरच्या गृहस्थांनी पहिल्याच काही पावलांत सांगितलं, 'शंका आली की डावीकडे.' जातानाही आणि येतानाही. परतीच्या वाटेवर मैदानाची हद्द आणि झुडपं उजव्या हाताला, आणि डावीकडे मोकळं रान. चौथ्या होलचं नाव 'जिंजर बिअर', कारण एकोणिसाव्या शतकात तिथे एक जण गाडीवर ते पेय विकायचा. प्रत्येक होलला असं नाव आहे, नुसता आकडा नाही.

सातव्यापासून अकराव्यापर्यंत मैदान खाडीच्या टोकाला वळसा घालतं आणि वारा दर होलला वेगळ्या अंगाने येतो. सातवा आणि अकरावा यांचे मार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे थांबून समोरच्यांना वाट द्यावी लागते. पलीकडे लूखर्सचा लष्करी तळ दिसतो. तिथे पूर्वी हवाई दल होतं, २०१५ पासून ते ठाणं स्थलसेनेकडे आहे. नवरा तिकडेच बघत होता, त्याला हाक मारून आणावं लागलं.

अकरावा होल पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा. पुढे स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल बंकर, मागे खाडी, आणि ग्रीन मागून पुढे जोरदार उतरतं. १९२१ मध्ये ओपन या ब्रिटनच्या मोठ्या स्पर्धेत तरुण अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सला हिल बंकरने गाठलं आणि त्याने फेरी तिथेच सोडली. त्या वेळी त्याला हे मैदान मुळीच आवडलं नव्हतं. पण १९२७ मध्ये त्याने ओपन याच मैदानावर जिंकली, १९३० मध्ये ब्रिटिश अमॅच्युअरही, आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. त्याच्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, १७५९ मध्ये. हे मैदान लगेच आवडत नाही, हे मी खूप जणांकडून ऐकलं. मला वाटतं ते आवडायला वारा बदललेला पाहावा लागतो.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बाराव्याने. टीवरून पाहाल तर सपाट, मोकळा, छोटा पार चार. एकही बंकर दिसत नाही. पण फेअरवेच्या मध्यात बंकर आहेत, जमिनीच्या लाटांमागे लपलेले. असं का? कारण पूर्वी हे मैदान उलट्या दिशेनेही खेळलं जायचं, आणि त्या दिशेने येताना ते बंकर स्वच्छ समोर दिसतात. सगळे मिळून ११२ बंकर आहेत असं सांगतात. २००० साली टायगर वुड्सने चार दिवसांत एकाही बंकरमध्ये चेंडू न घालवता १९ अंडर पारने (पारपेक्षा १९ फटके कमी घेऊन) ओपन जिंकली. तो आकडा मी पूर्वी वाचला होता, पण त्याची किंमत बाराव्याच्या टीवर कळली.

चौदाव्यावर 'हेल' नावाचा बंकर आहे, माणसाच्या उंचीहून खोल. गवताच्या चकत्या एकावर एक रचून त्याची भिंत उभी केलेली. त्यात पडलेला माणूस बऱ्याचदा मागे, आल्या दिशेने मारून बाहेर येतो.

आणि सतरावा, रोड होल. टीवरून हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून आंधळा फटका मारायचा. तिथे पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या. पुढे ग्रीन अरुंद आणि तिरकं, त्याच्या पुढ्यात पोटात शिरल्यासारखा एक खोल बंकर, मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. रस्ता मैदानाचाच भाग आहे, म्हणजे चेंडू डांबरावर थांबला तर डांबरावरूनच मारायचा. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता. त्याचा पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका) उतारावरून बंकरमध्ये गेला आणि त्या होलवर त्याचे नऊ झाले. मी ग्रीनच्या अलीकडे, उजव्या अंगाला थांबले, तिथून पटरने चढावर चेंडू चढवला आणि बोगीवर, म्हणजे पारपेक्षा एका जास्त फटक्यावर, समाधान मानलं. बरोबरच्या गृहस्थांनी टोपी उचलली. त्यांच्या मते या होलवर पाच म्हणजे चारच.

अठराव्यावर स्विल्कनचा छोटा दगडी पूल. मेंढ्या-गुरं ओढ्यापलीकडे नेण्यासाठी काही शतकांपूर्वी बांधलेला. तिथे सगळे फोटो काढतात, आम्हीही काढला. ग्रीनच्या पुढे 'व्हॅली ऑफ सिन' नावाचा खोलगट भाग आहे. १९७० मध्ये डग सँडर्सचा जेमतेम तीन फुटांचा पट याच ग्रीनवर चुकला आणि दुसऱ्या दिवशीच्या जादा फेरीत निकलॉस जिंकला. १९९५ मध्ये कोस्टान्टिनो रोक्काने त्या खोलगटातून लांबलचक पट घालून जॉन डेलीला प्लेऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा खेळात) खेचलं, मग डेली जिंकला. या होलला ओल्ड टॉम मॉरिस या जुन्या खेळाडूचं नाव आहे. त्याच्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, इथे लांबेल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.

हिरवाई

फार सुंदर लिहिलंय. मी गोल्फ फक्त टीव्हीवर, तोही चॅनल बदलताना पाहिलाय. एक विचारते: जाताना आणि येताना एकच मैदान, तर दोन्हीकडचे लोक एकमेकांत मिसळत नाहीत? सामायिक ग्रीन असतात असं वाचलं होतं.

सांजवारा

हिरवाई, हो, हे लिहायचं राहिलं. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे एका ग्रीनवर दोन होल. त्यांची बेरीज नेहमी १८: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असं आठव्या-दहाव्यापर्यंत. फक्त पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा यांची ग्रीन स्वतंत्र. जातानाचे झेंडे पांढरे, येतानाचे लाल. पाचव्या-तेराव्याचं ग्रीन तर एकराच्या आसपास आहे. चुकीच्या बाजूला पडलात तर पट शंभर फुटांचाही होऊ शकतो.

अठरा हा आकडाही इथलाच. पूर्वी फेरी २२ होलची होती. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार छोटे होल जोडून दोन केले, आणि तेच जाताना-येताना खेळायचे असल्याने २२ चे १८ झाले. पुढे जगभर तेच रूढ झालं.

डंडीकर

मी टे नदीच्या पलीकडे डंडीत राहतो. सेंट अँड्र्यूजला गाडीने अर्धा तास. सांजवारा ताईंनी वाऱ्याचं लिहिलं ते शंभर टक्के खरं, पण हारबद्दल कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. पूर्व किनाऱ्यावर वसंतात आणि उन्हाळ्यात समुद्रावरून अचानक गार धुकं येतं, त्याला इथे हार म्हणतात. गावात लख्ख ऊन असतं आणि मैदानावर पन्नास यार्डांपलीकडचं दिसत नाही. जाकीट पिशवीत ठेवायचंच, जुलै असला तरी.

सोडतीत नाव लागलं नाही तर निराश होऊ नका. ट्रस्टची एकूण सात मैदानं आहेत. न्यू कोर्स ओल्ड टॉमने १८९५ मध्ये आखला, म्हणजे 'नवा' म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांचा. शेजारीच जुबिली. माझ्या मते न्यू कोर्सवर लिंक्सचा खेळ ओल्डइतकाच अस्सल आहे आणि गर्दी कमी. एकट्याने आलेल्यांसाठी पूर्वी ओल्ड कोर्सच्या बाहेर रात्रभर रांग लागायची. २०२४ पासून त्यांच्यासाठीही ऑनलाइन सोडत आहे. रांगेची मजा गेली असं म्हणणारे इथे बरेच आहेत, मला मात्र हा बदल योग्य वाटतो. थंडीत रात्र काढणं सगळ्यांच्या तब्येतीला झेपत नाही.

स्विल्कनच्या पुलाबद्दल: २०२३ च्या सुरुवातीला पुलाच्या तोंडाशी झीज होते म्हणून दगडी फरशी घातली होती. फोटो बाहेर येताच इतका विरोध झाला की ती काही दिवसांत काढली. तिथे पुन्हा गवत लावलं. इतक्या छोट्या जागेबद्दल इतकी माणसं हळवी होतात, हे मी इथे राहून पाहिलंय.

माळरान

लेख चांगला आहे, पण एक खटकलं ते स्पष्ट लिहितो. 'गावाचं मैदान', 'सार्वजनिक' हे शब्द ऐकायला छान. पण एका राउंडचे तीनशेहून जास्त पाउंड पडतात असं दिसतं. आपल्याकडे गोल्फ म्हणजे शहराच्या मधोमध शेकडो एकर कुंपणात आणि उन्हाळ्यात टँकर. मला या खेळाचं कौतुक करताना हे विसरता येत नाही. स्कॉटलंडमध्ये तरी वेगळं आहे का?

सांजवारा

माळरान, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

हंगामात पाहुण्यांना तेवढे पडतात हे खरं आहे. पण सेंट अँड्र्यूजमध्ये राहणाऱ्यांना काही शे पाउंडांत वर्षभराचा पास मिळतो. शाळेतली पोरं, दुकानदार, निवृत्त शिक्षक, सगळे त्यावर खेळतात. पाहुण्यांच्या पैशांतून मैदानं सांभाळली जातात, कारण ट्रस्टला नफा वाटायचा नसतो.

आणि हा हक्क फुकटात टिकला नाही. १७९७ च्या सुमारास गाव कर्जबाजारी झालं होतं आणि ही जमीन हातची गेली. ती सशांची पैदास करणाऱ्यांकडे गेली. ससे फेअरवे पोखरायला लागले, गावकरी ससे मारायला लागले, मारामाऱ्या झाल्या, कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने ती विकत घेतली आणि खेळ वाचला. १८९४ मध्ये संसदेचा कायदा करून जमीन परत गावाकडे आली. आजही रविवारी ओल्ड कोर्सवर, मोठी स्पर्धा नसेल तर, खेळ बंद. त्या दिवशी लोक ग्रीनजवळून फिरायला जातात, मुलं फेअरवेवर धावतात, कुत्री मोकळी. ओल्ड टॉम मॉरिस म्हणायचा म्हणे की तुम्हाला नसेल, पण मैदानाला विश्रांती हवी असते.

तुमचा आपल्याकडच्या मैदानांवरचा आक्षेप मला मान्य आहे. मला तर वाटतं की गोल्फ कसा असावा हे दाखवायला ओल्ड कोर्सहून चांगला दाखला नाही: कुंपण नाही, सगळ्यांची वाट मधून, आणि जमीन जशी आहे तशी.

गवताळ

पाण्याच्या मुद्द्यावर दोन ओळी, विषय माझ्या कामाचा आहे.

लिंक्सवरचं गवत मुख्यतः फेस्क्यू आणि बेंट. पातळ पात्याचं, खोल मुळांचं, उपाशी जगणारं. वाळूतून पाणी झरझर खाली जातं, अन्नद्रव्यं कमी, त्यामुळे रुंद पानाची भुकेली गवतं तिथे टिकतच नाहीत. खत-पाणी जास्त दिलंत तर फेस्क्यू हरतं आणि दुसरं गवत शिरतं. म्हणजे इथे हात आखडता ठेवणं हीच मशागत. कोरड्या उन्हाळ्यात फेअरवे पिवळे-तपकिरी होतात आणि चेंडू अधिक धावतो. ते मैदान वाळलेलं नसतं, निरोगी असतं. टीव्हीवर हिरवंगार बघायची सवय झाल्यामुळे लोकांना ते रोगट वाटतं. ग्रीनही आतल्या मैदानांपेक्षा संथ ठेवावी लागतात, नाहीतर वारा चेंडू हलवतो. २०१५ च्या ओपनमध्ये शनिवारी तेच झालं, ग्रीनवर ठेवलेले चेंडू सरकायला लागले, खेळ तासन्‌तास थांबला आणि स्पर्धा सोमवारी संपली.

पुढचा प्रश्न येईलच, म्हणून आधीच लिहितो: कोकणात लिंक्स होईल का? माझं उत्तर नाही, आणि होऊ नये. सेंट अँड्र्यूजला वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बारा महिने थोडा थोडा. रत्नागिरीत तीन हजारांच्या घरात, तोही चार महिन्यांत. फेस्क्यू थंड हवेचं गवत. आपल्या किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे आधीच थोडे उरलेत आणि ते मर्यादवेलीसारख्या वनस्पतींनी धरून ठेवलेत. तिथे मैदान करायचं म्हणजे ती वेल काढायची. समुद्र आत यायला मग वेळ लागणार नाही.

माळरान

गवताळ, सांजवारा, दोघांचे आभार. सशांची लढाई मला अजिबात माहीत नव्हती. गावाने कायदा करून जमीन परत मिळवली हे वाचून माझं मत बरंच बदललं. आपल्याकडच्या गायरानांची आठवण झाली. कागदावर गावाची, आणि हळूहळू कोणाची ना कोणाची.

डंडीकर

गवताळ यांच्या शेवटच्या वाक्यावर इथलं उदाहरण. डंडीच्या उत्तरेला मॉन्ट्रोज आहे, तिथे १५६२ पासून गोल्फ खेळल्याची नोंद आहे. जगातल्या सगळ्यात जुन्या मैदानांपैकी एक. तिथे समुद्र वाळू खात खात आत येतोय आणि टी मागे सरकवावे लागलेत. सेंट अँड्र्यूजलाही वेस्ट सँड्स किनाऱ्याच्या टेकड्यांवर मॅरम गवत लावून वाळू धरायचं काम चालतं आणि खाडीच्या बाजूला खारगवत लावतात. उलट उदाहरणही आहे: ॲबर्डीनच्या उत्तरेला फोव्हरनच्या हलत्या वाळूच्या टेकड्यांना विशेष संरक्षण होतं. २०१२ मध्ये तिथे मोठं नवं मैदान उघडलं आणि २०२० मध्ये त्या भागाचं संरक्षण काढावं लागलं, कारण टेकड्या गवत लावून स्थिर केल्या गेल्या होत्या आणि मूळचं वैशिष्ट्यच उरलं नव्हतं. जुनी लिंक्स जमिनीवर बसली, नव्यांनी जमीन आपल्यासाठी बसवली. मला हा फरक फार मोठा वाटतो.

निवृत्त_नाविक

धागा वाचून राहवलं नाही. मी अनेक वर्षं कुलाब्याच्या टोकाला युनायटेड सर्व्हिसेस क्लबच्या नऊ होलवर खेळलो. समुद्र अगदी लागून, दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की सात नंबरच्या आयर्नच्या (लोखंडी काठीच्या) जागी लांब मारणारं पाच नंबर काढावं लागायचं. पण ते समुद्रकाठचं मैदान, लिंक्स नव्हे. मातीच वेगळी. वारा मात्र शिक्षक म्हणून तोच.

लिंक्सवर भारतीय खेळाडू कसे खेळतात याची मला नेहमी उत्सुकता असते. २०१२ चा जुलै महिना माझ्या पक्का लक्षात आहे. जीव मिल्खा सिंगने इनव्हर्नेसजवळ कॅसल स्टुअर्टच्या लिंक्सवर मोलिनारीला प्लेऑफमध्ये हरवून स्कॉटिश ओपन जिंकली. पुढच्याच आठवड्यात रॉयल लिदमच्या ओपनमध्ये पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने नवव्या होलवर होल-इन-वन केला. तोही ओपनमधल्या त्याच्या पदार्पणात. दोन आठवड्यांत दोन आनंद.

ताई, ओल्ड टॉमबद्दल लिहीन म्हणाला होतात.

सांजवारा

नाविक साहेब, लिहिते.

टॉम मॉरिस सेंट अँड्र्यूजचाच. ॲलन रॉबर्टसनच्या हाताखाली चेंडू बनवायला शिकला. रॉबर्टसन म्हणजे १८५८ मध्ये ओल्ड कोर्सवर ७९ फटक्यांत फेरी पुरी करणारा, ८० च्या आत येणारा पहिला. टॉमने ओपन चारदा जिंकली: १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७. मग मुलगा, यंग टॉम, याने पुढच्या ओपन लागोपाठ जिंकल्या. बापाने मैदान सांभाळायचं काम १८६० च्या दशकात घेतलं ते १९०३ पर्यंत. ग्रीनवर वाळू टाकायची पद्धत, झुडपं कापून फेअरवे रुंद करणं, पहिल्या आणि अठराव्याची ग्रीन, यातलं बरंच त्याच्या हातचं.

१८७५ च्या सप्टेंबरमध्ये दोघं बापलेक नॉर्थ बेरिकला सामना खेळत असताना यंग टॉमच्या बायकोच्या बाळंतपणाची तार आली. बोटीने परत येईपर्यंत बाई आणि बाळ दोन्ही गेले होते. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी यंग टॉमही गेला, वय २४. बाप त्यानंतर तीसहून जास्त वर्षं जगला आणि निवृत्त होईपर्यंत त्याच मैदानावर काम करत राहिला. कॅथीड्रलच्या अवशेषांशेजारच्या दफनभूमीत दोघांच्या कबरी आहेत. यंग टॉमच्या स्मारकावर तो चेंडू मारायच्या पवित्र्यात कोरलेला आहे. मैदान पाहून झालं की तिथे जरूर जा. माझ्यासाठी तो सगळ्या दिवसातला सगळ्यात जड भाग होता.

जुनी_पेटी

चेंडू बनवण्याचा उल्लेख आला म्हणून. पूर्वीचे चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून शिवलेले, कारागिराला दिवसभरात मोजकेच व्हायचे, म्हणून महाग. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे चेंडू आले. मलायाकडच्या झाडाचा चीक, गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की घट्ट. चेंडू स्वस्त झाले आणि मजूर-कारागीरही खेळायला लागले.

सेंट अँड्र्यूजमधली आख्यायिका अशी की पूर्वेकडून पॅटरसन कुटुंबाकडे विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती संरक्षणासाठी गटापर्चाचे तुकडे भरलेले होते, आणि घरातल्या मुलाने त्यांचा चेंडू वळून पाहिला. खरी असो-नसो, गावात ही गोष्ट आवडीने सांगतात. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना, आणि डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागावर चालायच्या. माणसं, माल आणि खेळ एकाच वाटेने ये-जा करत होते.

आजोळ

वाचनखूण साठवली आहे. आम्ही येत्या वर्षी एडिंबराला मुलाकडे जातोय. गोल्फ आम्हा दोघांनाही येत नाही, नातवंडं सहा आणि नऊ वर्षांची. नुसतं बघायला जाण्यात अर्थ आहे का? आणि कुठल्या महिन्यात जावं?

डंडीकर

आजोळ काकू, नक्की जा, आणि जमलं तर रविवारी. बाकीच्या दिवशी वाटांवरूनच चालावं लागतं आणि चेंडूंकडे लक्ष ठेवावं लागतं.

नातवंडांसाठी पहिल्या टीपासून जवळच 'हिमालयाज' आहे. लहान-मोठ्या टेकाडांचं पटिंगचं मैदान, लेडीज पटिंग क्लबचं. तो क्लब १८६७ चा, आणि ती जागाही ओल्ड टॉमने आखलेली. थोडे पाउंड द्यायचे, ते पटर आणि चेंडू देतात, कोणीही खेळू शकतं. सहा वर्षांच्या मुलाला तिथून ओढून आणावं लागतं, अनुभव आहे. नऊ वर्षांच्याला आवडलंच तर बाल्गोव्ह नावाचं नऊ होलचं मैदान आहे, नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठीच ठेवलेलं, तिथे हँडिकॅप विचारत नाहीत. शेजारी वेस्ट सँड्सचा लांबच लांब किनारा. एडिंबराहून रेल्वेने यायचं तर लूखर्सला उतरून बस.

सांजवारा

काकू, महिन्याबद्दल माझं मत: मे किंवा सप्टेंबर. मे मध्ये गॉर्स पूर्ण फुललेला असतो, सगळीकडे पिवळं आणि खोबऱ्यासारखा वास. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण गर्दी फार. नोव्हेंबरनंतर ऊब नाही आणि खेळाडू फेअरवेवर छोट्या चटया ठेवून मारतात, ते पाहण्यात तितकी मजा नाही.

सप्टेंबर जमला तर रॉयल अँड एन्शंटच्या नव्या कॅप्टनचा पहिला फटका पाहता येतो. सकाळी पहिल्या टीवर तो चेंडू मारतो, त्याच क्षणी तोफ उडते, आणि कॅडी (खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे) फेअरवेवर दाटीने उभे असतात. ज्याच्या हाती चेंडू येईल त्याला कॅप्टन सोन्याचं नाणं देतो. पाहायला पैसे पडत नाहीत, रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. तारीख ट्रस्टच्या वेळापत्रकात असते, ती पाहूनच तिकिटं काढा, कारण त्या दिवसांत गावात राहायला खोली मिळणं अवघड जातं.